बाटलीवर वर्ष का छापतात?



आपल्या दिंडोरी-निफाडकडच्या बायकांना द्राक्षबाग नवीन नाही. छाटणीनंतर डोळ्यांना पेस्ट लावायला आपण, फेलफूट काढायला आपण, घड मोजायला आपण आणि शेवटी काढणीला क्रेट भरायलाही आपणच. आमच्या गटातल्या काही जणी दोन-तीन वर्षं वाइनच्या द्राक्षांच्या बागेत कामाला जातात. तिथं एका ताईंनी एकदा विचारलं, "लोणच्याच्या बरणीवर आपण तारीख टाकतो, ती कधी बनवलं आणि कधीपर्यंत खायचं ते कळावं म्हणून. मग वाइनच्या बाटलीवर नुसतं वर्ष का छापतात?"

प्रश्न साधा होता, पण आमच्यापैकी कुणालाच उत्तर येईना. मग आम्ही बागायतदारांना विचारलं, कृषी सहायकांना विचारलं, वायनरीत काम करणाऱ्या एका मुलीशी बोललो. उत्तर मिळत गेलं तसं आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमच्या गटाचे हप्ते कुठल्या महिन्यात थकतात आणि का थकतात, याचंही उत्तर त्यातच होतं. म्हणून आजचा विषय हा घेतला.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. वाइन ही दारूच आहे. दारूपायी घरं कशी बसतात ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. आडव्या बाटलीच्या खुणेवर शिक्का मारायला पदर खोचून रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका आपल्याच. तेव्हा आज आम्ही वाइनची तारीफ करायला बसलेलो नाही. पण त्या बागांमधली मजुरी आपल्या चुलीपर्यंत येते. ज्या कामावर घर चालतं, ते काम कशावर अवलंबून आहे हे आपल्याला कळायला हवं.

खायची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं

खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, लांब, बिनबियांचा आणि पातळ सालीचा हवा असतो. वाइनच्या द्राक्षाचं उलटं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. वाइनचा रंग, वास आणि तुरटपणा बराचसा सालीतून येतो. मणी बारीक असला की रसाच्या मानानं साल जास्त मिळते. त्यामुळे वाइनच्या बागेत फुगवण करत नाहीत आणि वेलीवर घडही मोजकेच ठेवतात. साधारण सव्वा किलो द्राक्षांतून एक बाटली वाइन होते.

काढणीच्या वेळी वायनरी मुख्यतः तीन गोष्टी पाहते. पहिली साखर. रसाचा थेंब काचेवर टाकून आकडा वाचतात, तेच ब्रिक्स मीटर. २२ ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण २२ ग्रॅम साखर. रस आंबतो तेव्हा याच साखरेचं अल्कोहोल होतं. दुसरी गोष्ट आंबटपणा. तो कमी पडला तर वाइन बेचव, सपक लागते आणि टिकतही नाही. तिसरी म्हणजे सालीची आणि बियांची पक्वता. बी हिरवी असेल तर तोंडात कच्चा तुरटपणा येतो, चांगली पिकलेली बी तपकिरी होते.

या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात आणि त्या जुळवतं हवामान. म्हणून बाटलीवर काढणीचं वर्ष छापतात. वेल तीच, माती तीच, माणसंही तीच, पण वर्ष बदललं की द्राक्ष बदलतं. बाटलीवरचं वर्ष म्हणजे त्या वर्षीचा पाऊस, थंडी आणि ऊन यांची नोंद.

आपल्याकडे वेल झोपत नाही

फ्रान्ससारख्या देशांत हिवाळ्यात वेलीची पानं झडतात आणि वेल झोपी जाते. एप्रिलच्या सुमाराला ती फुटते, जूनमध्ये फुलते आणि सप्टेंबरच्या आसपास काढणी होते. नाशिक तिथून कितीतरी दक्षिणेला. इथं वेलीला झोपायला लावेल इतका कडक हिवाळाच नाही. त्यामुळे आपण वर्षातून दोनदा छाटतो आणि एकदाच पीक घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. नाशिकचा भाग समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन आणि रात्री चांगला गारठा, याच जोरावर इथं वाइनची द्राक्षं होतात. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

आता वर्षभराचं हवामान बागेत काय काय करतं ते महिन्यांच्या क्रमानं पाहू.

एप्रिल ते जून : घड डोळ्यात असतो

आपल्याला वाटतं, घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येतो. दिसतो तेव्हा, पण त्याची तयारी खूप आधी झालेली असते. खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी तिच्या डोळ्यात पुढच्या घडाचा बारीक अंकुर तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. बाई गरोदर राहते तेव्हा सुरुवातीला शेजारणीलाही कळत नाही, तसंच हे.

या काळात डोळ्याला स्वच्छ ऊन लागतं. उन्हाळ्याचा चटका आपल्याला नकोसा होतो, पण वेलीला तो हवा असतो. आभाळ भरून राहिलं, पाऊस लागला, की वेल पानांच्या आणि शेंड्याच्या मागे धावते आणि डोळ्यात घड धरायचा राहून जातो. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, नेमका याच काळात. पुढे गोडी छाटणीनंतर अनेक बागांत घड कमी दिसले. चूक ऑक्टोबरची नव्हती, मे महिन्यात ढगाआड गेलेल्या उन्हाची होती.

जुलै ते सप्टेंबर : काडी पिकते

पावसाळ्यात हिरवी काडी हळूहळू तपकिरी होते. त्याला काडी पिकणं म्हणतात. पाऊस बेताचा आणि मधेमधे उघडीप असेल तर काडी छान पिकते, तिच्यात पुढच्या फुटीसाठी अन्न साठतं. झड लांबली तर पानांवर करपा आणि डाऊनी येतो, पानं अवेळी गळतात, काडी कच्ची राहते. कच्च्या काडीवर आलेला घडही अशक्त असतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर : छाटणीचा जुगार

बागायतदाराची खरी परीक्षा इथं असते. छाटणी लवकर घेतली तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटींवर येण्याची भीती. पोंगा आणि दोडा या अवस्थांत डाऊनी शिरला तर दोन-चार दिवसांत घड हातचा जातो. छाटणी उशिरा घेतली तर पाऊस टळतो, पण द्राक्ष मार्चच्या उन्हात पिकतं. मग साखर झपाट्यानं चढते, आंबटपणा पडतो आणि सालीला, बियांना पिकायला वेळ मिळत नाही.

२०१९ चा ऑक्टोबर आठवा. दिवाळी आली तरी पाऊस थांबला नाही. ज्यांनी लवकर छाटलं होतं, त्यांच्या बागेत फवारणीवर फवारणी चालली आणि तरीही घड कुजले. त्या वर्षी काम कमी का मिळालं, हे आपल्याला तेव्हा कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबर : फुलोरा

द्राक्षाचं फूल अगदी बारीक, पटकन दिसतही नाही. फुलोऱ्यात पाऊस आला तर फलधारणा नीट होत नाही. फुलं गळतात, घडात ओल राहून कूज होते. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा आणि २०२३ च्या २६ नोव्हेंबरला निफाड भागात गारपीट झाली तेव्हा, बागा याच नाजूक काळात होत्या.

डिसेंबर-जानेवारी : थंडीचं देणं-घेणं

थंडी वाइनच्या द्राक्षाची मैत्रीण आहे. दिवसा उन्हात पानं साखर तयार करतात. रात्र गार असेल तर मण्यातला आंबटपणा जळून जात नाही, टिकून राहतो. मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागतो, तेव्हा अशा गार रात्री मिळाल्या की रंग आणि वास दोन्ही चांगले येतात.

पण मैत्रीण फार दिवस राहिली की जड होते. काही वर्षी निफाडचा पारा ५ अंशांच्याही खाली जातो. मग वेलीचं काम थंडावतं, मणी वाढत नाही, काढणी लांबते. पहाटे ठिबकनं पाणी सोडून आणि बांधावर शेकोट्या पेटवून बाग जपताना आपण पाहतोच. हे फक्त आपलंच नाही बरं का. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये कोवळ्या फुटींवर हिमाचा मारा झाला, तेव्हा तिथले शेतकरीही रात्रभर बागेत जाळ करून बसले होते आणि तरी फार मोठं नुकसान झालं.

थंडीबरोबर ढगाळ हवा आली तर भुरीला जोर चढतो. भुरी लागलेल्या मण्याचा वास वाइनमध्ये उतरतो, म्हणून वायनरी असा माल परत पाठवते.

फेब्रुवारी-मार्च : उन्हाशी शर्यत

पांढऱ्या वाइनची द्राक्षं, म्हणजे शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, आधी काढतात, कारण त्यांना आंबटपणा जास्त लागतो. लाल वाइनची शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों मागून, कारण त्यांची साल पूर्ण पिकावी लागते. ऊन हळूहळू वाढलं तर हा क्रम नीट चालतो आणि आपल्यालाही दीड-दोन महिने सलग काम मिळतं.

ऊन एकदम वाढलं तर सगळंच एकदम पिकतं. दिवसाच्या कमाल तापमानानुसार २०२३ चा फेब्रुवारी हा १९०१ पासून तोपर्यंतच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. असा महिना आला की साखरेचा आकडा पळत सुटतो आणि वायनरीला सगळा माल एकाच आठवड्यात हवा असतो. मग काढणी पहाटे किंवा रात्री दिव्यांच्या उजेडात चालते, कारण गार मणी चांगला टिकतो. दोन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत संपतं. त्या दिवसांत हजेरी दुप्पट मिळते, पण मार्चमध्ये हात रिकामे.

आंबटपणा कमी पडला तर वायनरी रसात आम्ल घालून तो थोडा सावरू शकते. कुजलेला घड मात्र कुणी सावरू शकत नाही. तो निवडून बाजूला काढणारे हात आपले. म्हणजे हवामानानंतर वाइनचा दर्जा आपल्याही बोटांवर ठरतो, हे विसरू नका.

एकाच पावसाचे दोन निकाल

एक गमतीची गोष्ट. पाऊस तोच, पण शेजारशेजारच्या दोन बागांवर परिणाम वेगळा. शेनिनचा घड गच्च भरलेला असतो. मण्याला मणी चिकटलेला, आत वारा जात नाही. पाऊस पडला की ओल आत अडकते आणि घड आतून कुजतो. कॅबरनेचा घड सुटा, मणी बारीक, साल जाड. तो तोच पाऊस सोसतो. त्यामुळे "यंदा वर्ष वाईट" असं सरसकट कुणी म्हटलं तर विचारा, कुठल्या जातीला वाईट? कुठल्या छाटणीला वाईट? सगळ्या बागा एकदम बुडत नाहीत आणि सगळ्या एकदम तरतही नाहीत.

आमच्या गटावर काय गुदरलं

आता आमची गोष्ट. २०२३ साली आमच्या गटातल्या बारा जणींनी एका बागेतलं छाटणीपासून काढणीपर्यंतचं काम उक्तं घेतलं. बोली तोंडी होती. थोडे पैसे छाटणीला मिळाले, बाकीचे काढणीनंतर मिळायचे होते. काढणीच्या भरवशावर तिघींनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. एकीनं मुलीची कॉलेजची फी भरली, एकीनं घराचे पत्रे बदलले, एकीनं शेळ्या घेतल्या. हप्ते फेब्रुवारीपासून ठरले.

२६ नोव्हेंबरच्या रविवारी गारा पडल्या. सोमवारी आमची बैठक होती, पण बैठक झालीच नाही. आम्ही सगळ्या बागेत गेलो. पानं चाळणीसारखी झाली होती, काड्या सोलवटल्या होत्या, बारीक घड मातीत पडले होते. मालक बांधावर बसलेले. ते म्हणाले, "ताई, आता काढणी कसली?" त्यांच्यावर राग धरावा असं काही नव्हतं, ते आमच्याआधी बुडाले होते. पण आमची मजुरीही त्याच मातीत गेली.

फेब्रुवारीत तिघींचे हप्ते थकले. बैठकीत आवाज चढले. "घेताना बरं वाटलं, आता देताना?" असं एक जण बोलून गेली. शेळ्या घेतलेली ताई त्यानंतर दोन बैठकांना आलीच नाही. गट मोडतो की काय अशी वेळ आली. शेवटी आम्ही तिच्या घरी गेलो, चहा घेतला आणि सांगितलं, "हप्ता गारांनी थकवला, तू नाहीस." मग हप्ते जूनपर्यंत पुढे ढकलले. पैसे परत आले, जरा उशिरा, पण सगळे आले.

त्यानंतर आम्ही बदललो

चार गोष्टी आता आम्ही ठरवून करतो. तुमच्या गटात द्राक्ष नसेल, कांदा असेल, टोमॅटो असेल, तरी त्या चालतील.

पहिली, मजुरी कामागणिक. सगळं काम काढणीवर बांधायचं नाही. छाटणी झाली, छाटणीचे पैसे. फेलफूट झाली, तिचे पैसे. बोली साध्या कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या. पाऊस किंवा गारांनी पुढचं काम गेलं तर झालेल्या कामाचे पैसे बुडणार नाहीत, हे त्यात लिहून घेतो.

दुसरी, कर्जाचा हप्ता हवामान बघून. न झालेल्या काढणीवर हप्ता लावत नाही. द्राक्षाच्या कामावरचं कर्ज असेल तर मोठे हप्ते एप्रिलनंतर, खरड छाटणीची मजुरी हातात आल्यावर.

तिसरी, हवामानाची वही. दर सोमवारी बचतीच्या नोंदीखाली दोन ओळी. आठवड्यात पाऊस किती, थंडी कशी, बागेत काय अवस्था. मे महिन्यात ढग राहिले की आम्ही आता आधीच समजतो, यंदा घड कमी, म्हणजे काढणीचं काम कमी. मग शिवणकाम, पापड, मसाला यांची तयारी दिवाळीआधीच सुरू करतो.

चौथी, विमा आणि सातबारा. ज्यांची स्वतःची बाग आहे त्यांच्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा असतो. त्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून भरपाई ठरते. गारपिटीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. मुदत आणि अटी दरवर्षी कृषी कार्यालयात विचारून घ्या. पण मुख्य मुद्दा दुसराच आहे. भरपाई बागेत राबणाऱ्या बाईला मिळत नाही, ज्याच्या नावावर विमा आहे त्याच्या खात्यात जाते. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? घरी गेल्यावर आज एवढं विचारा.

मैत्रिणींनो, बाटलीवरचं वर्ष वाचून शहरातला माणूस म्हणतो, हे वर्ष चांगलं होतं, ते बरं नव्हतं. ते वर्ष आपण अंगावर काढलेलं असतं. मे महिन्याचं ऊन, ऑक्टोबरचा चिखल, जानेवारीच्या पहाटेचा गारठा, सगळं. ते वर्ष आधी वाचायला शिकलो तर निदान आपल्या घराचा हिशोब तरी कोलमडणार नाही.

पुढच्या सोमवारी तुमच्या बैठकीत वहीचं एक कोरं पान काढा. वर महिना लिहा आणि खाली लिहा, पाऊस किती पडला. सुरुवात तेवढीच पुरे.